काकांचं बासष्ट, काकूंचं पंच्याऐंशी

हे जे डायनिंग टेबल दिसतंय ना ते न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आहे, पण त्यावर काय काय आहे बघा, पोह्यांची रिकामी डिश, कालनिर्णय, बीपीच्या गोळ्यांचा डबा आणि एक दोनशे पानी वही. वहीत काकांनी पेन्सिलीने तीन आकडे लिहिलेत, १६८०, २४०० आणि २९७६. डॉलर, महिन्याला, सोशल सिक्युरिटी नावाच्या अमेरिकन सरकारी पेन्शनचे. यातला कुठला घ्यायचा यावरून गेले दोन महिने या घरात रोज संध्याकाळी बोलणं होतं, म्हणजे बोलतात काका, काकू कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात.

एक सांगून टाकतो, काका-काकू हे एकच जोडपं नाही. तीन-चार घरांत बसून ऐकलेलं एकत्र केलंय आणि आकडे गोल केलेत, कारण आपला माणूस पगार एकवेळ सांगेल पण पेन्शन किती येणार ते सख्ख्या भावाला कळू देत नाही.

तर काका १९६४ चे. पुण्यात बारा वर्षं नोकरी केली आणि १९९८ ला वायटूकेच्या, म्हणजे २००० साल कॉम्प्युटरला कळेल ना या धास्तीच्या लाटेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर इकडे आले. यंदा बासष्ट पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात कंपनीने नारळ दिला. पार्टी झाली, केक झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका लॅपटॉप उघडून सोशल सिक्युरिटीच्या साईटवर बसले, कारण बासष्टला ती घेता येते आणि मेव्हण्याने बासष्टलाच घेतली होती.

ही सोशल सिक्युरिटी म्हणजे फुकटची खिरापत नाही हां. पगाराच्या प्रत्येक चेकमधून ६.२ टक्के कापले जातात, तेवढेच कंपनी घालते. पेन्शन मिळायला चाळीस क्रेडिट, म्हणजे कमाईवर मिळणारे गुण लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे साधारण दहा वर्षं काम. आणि रक्कम ठरते ती सगळ्यात जास्त कमाईच्या पस्तीस वर्षांवरून. इथे आपल्या लोकांची गोची होते. काकांची इथली वर्षं अठ्ठावीस, मग उरलेली सात? त्या सात जागी शून्य बसतं. पुण्याची बारा वर्षं धरत नाहीत कारण भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करारच नाही, जर्मनी, जपान, कोरियाशी आहे, आपल्याशी नाही. म्हणून बासष्टनंतर कुठे दोन-तीन वर्षं नोकरी मिळाली तर ती नुसती पगारासाठी नसते, एकेक शून्य पुसलं जातं.

आता ते तीन आकडे. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांचं पूर्ण पेन्शनचं वय ६७. तेव्हा घेतलं तर पूर्ण रक्कम, काकांची २४००. बासष्टला घेतलं तर तीस टक्के कमी, १६८०, आणि ही कपात पुढे ६७ झाल्यावर भरून निघते असं अनेकांना वाटतं, तसं नाही, ती कायमची. ६७ नंतर सत्तरपर्यंत थांबलं तर वर्षाला आठ टक्के वाढ, म्हणजे २९७६. सत्तरनंतर वाढ नाही, तेव्हा पुढे थांबण्यात काही अर्थ नाही. महागाईप्रमाणे जी वाढ मिळते ती तिन्ही आकड्यांवर मिळतेच.

आणि हे वर्षावर नाही, महिन्यावर चालतं. इथे एक गंमत. काकांची जन्मतारीख कागदावर १ जून. त्या पिढीतले अर्धे लोक १ जूनचेच आहेत, शाळेत घालताना वय बसवायला गुरुजींनी टाकलेली तारीख. पत्रिकेप्रमाणे काका श्रावणातले. काकू म्हणतात गुरुजींमुळे अडीच महिने आधी म्हातारे झालात. पेन्शनच्या हिशोबात हे फायद्याचंच झालं म्हणा, फक्त सगळ्या कागदांवर तीच एक तारीख आहे ना हे आधी बघून ठेवा, कारण जन्माचा पुरावा मागताना सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसला लहानपणीच केलेली नोंद जास्त पटते आणि तिथे भलतीच तारीख निघाली की मग पत्रव्यवहार.

आता एक जुनी गोष्ट. एक होत्या आयडा मे फुलर, अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या लडलो गावच्या. सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला १४ ऑगस्ट १९३५ ला, आणि दर महिन्याच्या पेन्शनचा पहिला चेक निघाला ३१ जानेवारी १९४० ला, तो त्यांच्या नावाने, २२ डॉलर ५४ सेंट. तीन वर्षांत त्यांनी भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. जगल्या शंभर वर्षं आणि एकूण घेतले २२,८८८ डॉलर. आपल्याकडच्या प्रत्येक काकाला ही गोष्ट फार आवडते. पण एक गोष्ट सुटते, आयडाबाईंनी लग्न केलं नव्हतं. त्यांचा हिशोब एका माणसाचा होता. बायको आणि विधवा यांच्यासाठीची तरतूद कायद्यात १९३९ ला आली आणि खरा गुंता तिथून सुरू होतो.

काकांचा हिशोब पण एका माणसाचाच आहे. वहीत बघा. बासष्टला सुरू केलं तर सत्तरपर्यंतच्या ९६ महिन्यांत १,६१,२८० डॉलर हातात येतात. सत्तरला सुरू करणाऱ्याला महिन्याला १२९६ जास्त मिळतात, त्याला ही तफावत भरून काढायला १२४-१२५ महिने लागतात, म्हणजे वय होतं ऐंशी वर्षं आणि चार-पाच महिने. काकांचे वडील चौऱ्याहत्तरला गेले. मग काका म्हणतात, मी कशाला थांबू? गणित चोख आहे, एका सेंटची चूक नाही. फक्त प्रश्न चुकीचा आहे.

काकू १९६८ च्या, चार वर्षांनी लहान. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या बायकोच्या व्हिसावर आल्या, त्या व्हिसावर तेव्हा कामाची परवानगीच नव्हती. बँकेतली नोकरी सोडून आलेली बाई इथे आठ वर्षं घरात. २००६ ला ग्रीन कार्ड आलं, मग २००८ पासून एका डेकेअरमध्ये पार्टटाइम, पुढे सासूबाईंच्या आजारपणासाठी भारताच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि ते पण सुटलं. क्रेडिट जमली सव्वीस. चाळीस नाहीत म्हणून स्वतःची पेन्शन शून्य, आणि काकूंना वर्षानुवर्षं वाटत होतं की आपला यात काही संबंध नाही.

संबंध आहे. नवऱ्याच्या पूर्ण रकमेच्या निम्मी, म्हणजे १२००, बायकोला तिच्या ६७ व्या वर्षी मिळते, स्वतः एक दिवस काम केलेलं नसलं तरी. नवऱ्याचे पैसे कापून नाही, त्याच्या वर वेगळे. बासष्टला घेतले तर निम्म्याऐवजी साडेबत्तीस टक्के, ७८०. दोन अटी, लग्नाला वर्ष झालेलं हवं आणि नवऱ्याने स्वतःचा अर्ज आधी केलेला हवा. आणि एक बारीक गोष्ट, हे निम्मं २४०० चं, २९७६ चं नाही, म्हणजे काका सत्तरपर्यंत थांबले म्हणून काकूंचे १२०० वाढत नाहीत, आणि काकूंनी ६७ च्या पुढे थांबून पण काही वाढत नाही. काका सत्तरचे होतील तेव्हा काकू सहासष्टच्या, त्या अजून एक वर्ष थांबून पूर्ण १२०० घेतील, काकांच्या थांबण्याने त्यांचं फार अडत नाही. वयात दहा वर्षांचं अंतर असतं किंवा बायको मोठी असती तर हेच उत्तर बदललं असतं. घटस्फोट झालेल्यांसाठी पण सोय आहे, लग्न दहा वर्षं टिकलेलं असलं तर, पण त्यावर आपल्या घरात कोणी बोलत नाही म्हणून एवढंच सांगून पुढे जातो.

आता जे काका वहीत लिहायला तयार नव्हते ते. दोघांतलं एक गेलं की दोन चेक येत नाहीत, एकच येतो, जो मोठा असेल तो. काका बासष्टला घेऊन ऐंशीला गेले, तर काकू शहात्तरच्या. त्यांना काकांचे १६८० किंवा काकांच्या पूर्ण रकमेचे साडेब्याऐंशी टक्के यातलं जे जास्त ते, म्हणजे १९८०. काका सत्तरला घेऊन ऐंशीला गेले तर २९७६. महिन्याला ९९६ चा फरक. घराचा प्रॉपर्टी टॅक्स तोच, न्यू जर्सीचा, हीटिंगचं बिल तेच, आणि हे काकू पंच्याऐंशीच्या होईपर्यंत चालू, कदाचित नव्वद, त्यांच्या आई ब्याण्णवपर्यंत होत्या. म्हणजे काकांचं थांबणं काकांसाठी नाहीच. ते काकूंच्या म्हातारपणाची रक्कम ठरवतायत, आणि ठरवताना काकूंना विचारलेलं नाही.

काकांचा पुढचा मुद्दा, थांबलो आणि एकोणसत्तरला गेलो तर सगळं बुडालं की. बुडत नाही. ६७ नंतर जेवढे महिने थांबलात तेवढी वाढ विधवेच्या रकमेत धरतात. आणि तो फंड संपणार आहे त्याचं काय? हे व्हॉट्सॅपवर आठवड्यातून एकदा येतंच. सोशल सिक्युरिटीचा फंड सांभाळणाऱ्या ट्रस्टींच्या २०२५ च्या अहवालात लिहिलंय की रिटायरमेंटचा राखीव फंड २०३३ ला संपेल, आणि त्यानंतर येणाऱ्या करातून ७७ टक्के पेन्शन देता येईल. म्हणजे काही केलं नाही तर कपात, शून्य नाही. बासष्टला घेतलेल्यांना त्या कपातीतून सूट मिळेल असं कुठेही लिहिलेलं नाही, उलट आधीच तीस टक्के कमी झालेल्या रकमेवर पुन्हा कात्री.

याचा अर्थ सगळ्यांनी सत्तरपर्यंत उपाशी बसावं असा नाही हो. एकटा माणूस आहे आणि तब्येत खरंच खालावलेली आहे, घ्या. घरात पैसाच नाही, क्रेडिट कार्डवर किराणा चाललाय, घ्या, लाजायचं कशाला. दोघेही कमावते असतील तर कमी कमाईवाल्याने लवकर घेऊन जास्तवाल्याने थांबणं बऱ्याच घरांत जमून जातं. काकांकडे फोर-ओ-वन-के मध्ये, म्हणजे नोकरीत साठवलेल्या रिटायरमेंटच्या खात्यात, बऱ्यापैकी पैसे आहेत, ते आधी खाऊन इकडे थांबणं मला पटतं, काकांना ते जमवलेल्या पैशाला हात लावणं वाटतं. ही आपल्याकडची सवय, एफडी मोडायची नाही.

बासष्टला घेऊन वर नोकरी पण करायची म्हणाल तर एक लिमिट आहे, २०२५ ला ते २३,४०० डॉलर होतं, त्याच्या वर कमावलेल्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर अडकवून ठेवतात. ६७ ला हिशोब नव्याने करून रक्कम वाढवतात, पण तेव्हा येणारा चेक थांबतोच. आणि घेऊन पस्तावलात तर बारा महिन्यांच्या आत अर्ज मागे घेता येतो, आयुष्यात एकदाच, आलेला प्रत्येक डॉलर परत करून.

मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, मात्र वेगळी, ती ६५ लाच. सत्तरपर्यंत थांबणारे लोक हे विसरतात आणि त्यातल्या पार्ट बी ला, म्हणजे डॉक्टरच्या खर्चाच्या भागाला, उशीर झाल्याचा दंड पुढे कायम भरत बसतात. ती भारतात चालत नाही हे काकूंना सांगावं लागलं, कारण त्यांचं मन कोथरूडच्या फ्लॅटमध्ये अडकलंय. अमेरिकन नागरिक असाल तर पेन्शन भारतात राहून मिळते. काकूंनी पासपोर्ट बदललेला नाही, अशांना सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की वेगळे नियम लागतात, बायको किंवा विधवा म्हणून घेताना आधी पाच वर्षं अमेरिकेत त्या नात्यात राहिलेलं असावं लागतं, शिवाय ग्रीन कार्ड सोडून कायमचं तिकडे गेलं की साडेपंचवीस टक्के कर इथेच कापतात. आणि ७१६२ नंबरचा एक फॉर्म पोस्टाने येतो, तुम्ही जिवंत आहात ना विचारणारा, तो भरून पाठवला नाही की पैसे बंद. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा.

काल संध्याकाळी पहिल्यांदा लॅपटॉप काकूंच्या समोर होता. स्वतःच्या नावाचं अकाउंट उघडायचं होतं, आणि तिथेच अडलं, कारण सोशल सिक्युरिटीच्या कार्डवर मधलं नाव वडिलांचं आणि ग्रीन कार्डवर नवऱ्याचं. लग्नाचं सर्टिफिकेट पण शोधायला लागणार, १९९३ चं लग्न, नोंदणी केल्याचं दोघांनाही आठवत नाही, लग्नपत्रिका आहे आणि अल्बम आहे. शेवटी आत शिरल्या. वर्षवार कमाईचा तक्ता आला. २००८ पासून सुरू होतो, सात ओळी, बस्स.

काकूंनी चष्मा पुसला, पहिली ओळ वाचली आणि म्हणाल्या, "अरे, हे डेकेअरचे. यात मी सोफा घेतला होता." मग वही ओढली, काकांची पेन्सिल घेतली आणि तीन आकड्यांच्या खाली स्वतःचं जन्मवर्ष लिहून त्यात सदुसष्ट मिळवायला लागल्या. काका गप्प बसून बघत होते.