दस्त नोंदवण्याआधीचे दिवस

घराचा व्यवहार रखडला की पहिले बोट दुय्यम निबंधक कार्यालयाकडे दाखवले जाते. सर्व्हर बंद होता, टोकन मिळाले नाही, गर्दी होती, ही कारणे आपण नेहमी ऐकतो आणि ती खोटीही नसतात. पण त्यांनी काम फार तर एक-दोन दिवस लांबते. महिनेच्या महिने जातात ते त्या कार्यालयाची पायरी चढण्यापूर्वी. आज मी महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या जुन्या सदनिकेच्या खरेदी-विक्रीपुरतेच बोलणार आहे. बिल्डरकडून नवे घर घेताना 2016 चा रेरा कायदा लागू होतो आणि तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्याकडची रीत अशी, की गिऱ्हाईक मिळते, भाव ठरतो, इसाराची रक्कम दिली जाते आणि मग खरेदीदाराचा वकील कागद मागतो. म्हणजे मालकी हक्काची तपासणी सुरू होते ती मुदतीचे घड्याळ चालू झाल्यावर. माझे म्हणणे एवढेच, की ही तपासणी विक्रेत्याने स्वतः, घर विकायचे मनात आले त्याच आठवड्यात, आपल्या खर्चाने करून घ्यावी. खर्च वाचवायचा म्हणून बहुतेक जण ती करत नाहीत आणि पुढे दलालाच्या फोनांना उत्तरे देत बसतात.

या तपासणीत पाहायची असते ती करारांची साखळी. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला दिलेला करार, त्याने दुसऱ्याला केलेला, दुसऱ्याने तुम्हाला केलेला, अशी प्रत्येक कडी मूळ दस्त, नोंदणी पावती आणि सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्ताचा निबंधक कार्यालयातला गोषवारा) यांच्यासह हातात असली पाहिजे. बहुतेकदा अडते ते जुन्या, पहिल्या कडीवर. मुद्रांक शुल्क भरलेले असते, सह्या असतात, पण दस्त नोंदवलेलाच नसतो. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो आणि दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. ती मुदत उलटून वर्षे लोटली असतील तर पुष्टीपत्र, म्हणजे जुना करार आपल्याला मान्य असल्याचा नवा दस्त, करून त्याला जुना करार जोडून ते नोंदवण्याचा मार्ग वापरला जातो. मात्र त्यावर मूळ पक्षकारांच्या सह्या लागतात. भागीदारी संस्था कधीच गुंडाळलेल्या त्या बिल्डरचा शोध घेणे इसाराच्या मुदतीत कसे बसणार? मूळ दस्त हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधकाकडून प्रमाणित प्रत, ही कामे एकामागून एक करावी लागतात. एवढे करूनही खरेदीदाराची बँक मूळ कागदासाठी अडून बसू शकते.

साखळीचा दुसरा कच्चा दुवा म्हणजे वारसा. वडिलांच्या नावावर सदनिका होती, त्यांनी आईला नामनिर्देशित केले होते, ते गेल्यावर संस्थेने भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आईच्या नावे केला. आता आई घर विकते आहे. घरच्यांच्या दृष्टीने सगळे सरळ आहे. पण नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. संस्थेने कोणाशी व्यवहार करायचा एवढेच त्यातून ठरते, वारसांचे हिस्से तसेच राहतात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात मुलगे आणि मुली आईच्या बरोबरीचे हिस्सेदार असतात, लग्न झालेल्या मुलीही. त्या सर्वांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी करून द्यावे किंवा विक्रीच्या दस्तावर विक्रेते म्हणून सह्या तरी कराव्यात. त्यांतले एक भावंड परदेशात असेल तर वेळ तिथेच जातो. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा इथून पाठवायचा, त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत वेळ घेऊन सही करायची, मूळ कागद कुरिअरने यायचा आणि राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरायचे. मसुद्यात सदनिकेचा क्रमांक चुकला, किंवा विक्रीचा अधिकार दिला पण दस्त नोंदणीसाठी सादर करण्याचा अधिकार लिहायचा राहिला, की हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. रुसलेल्या भावंडाची समजूत काढायला कायद्यात कलम नाही. ते काम भाव ठरण्याआधी उरकलेले बरे, कारण भाव कळल्यावर हक्काची आठवण अधिक तीव्र होते.

विक्रेत्याच्या घरावर कर्ज असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेकडे असतात. बँकेकडून शिल्लक कर्जाचे पत्र आणि तिच्या ताब्यातील कागदांची यादी आधीच मागवून ठेवावी, कारण खरेदीदाराची बँक या दोन्हींशिवाय पुढे सरकत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करावेत आणि विलंब स्वतःमुळे झाल्यास दर दिवसाला 5000 रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहेत. म्हणजे नियमानेसुद्धा महिना जाऊ शकतो. साठेखतातल्या, म्हणजे अंतिम विक्रीआधी होणाऱ्या विक्रीच्या करारातल्या, मुदतीत तो धरलेला असावा.

खरेदीदाराकडूनही उशीर होतो. कर्जाचे मंजुरीपत्र हाती आले की पैसे आले असे तो समजतो; प्रत्यक्षात ते त्याच्या उत्पन्नावर दिलेले असते आणि त्या विशिष्ट घराची कायदेशीर व तांत्रिक तपासणी अजून व्हायची असते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) नसलेली इमारत किंवा दोन सदनिका परवानगीशिवाय एक केलेले घर त्या तपासणीत अडकते. शिवाय आधार, पॅन आणि जुना करार यांवरची नावे जुळवून पाहावीत. लग्नापूर्वीच्या नावाने घेतलेले घर विकताना हा प्रश्न हमखास येतो आणि तो टोकनच्या दिवशी खिडकीपाशी कळतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर करकपातीचे नियम निराळे आहेत. कमी कपातीचा दाखला हवा असल्यास प्राप्तिकर खात्याकडे अर्ज आधीच गेला पाहिजे.

संस्थेबद्दल थोडेच सांगतो. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, विक्रीसाठी संस्थेची परवानगी सामान्यतः लागत नाही, 15 दिवसांची पूर्वसूचना पुरते. पण बँक ना हरकत दाखला मागतेच, आणि थकबाकी असेल तर सचिवांना तो अडवायला निमित्त मिळते. त्यामुळे सूचना आणि दाखल्याचा अर्ज एकाच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी.

आता साठेखताविषयी. स्थावराच्या करारात ठरलेली वेळ हा कराराचा गाभा आहे, असे न्यायालये आपणहून गृहीत धरत नाहीत. म्हणून 'शक्य तितक्या लवकर' किंवा नुसते 'तीन महिन्यांत' असे लिहून भागत नाही. कोणता कागद कोणी कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, तो न दिल्यास खरेदीदाराची पैसे देण्याची मुदत तितकी पुढे जाईल का, आणि वेळ हा कराराचा गाभा मानायचा आहे का, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. मुदतवाढ द्यावी लागली तर ती फोनवर देऊ नये, दोघांच्या सह्यांनी लेखी द्यावी. नोंदणीनंतर संस्थेच्या सभासदत्वाचा अर्जही लगेच करून त्याची पोच जपावी, कारण तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही तर 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 22 खाली अर्जदाराला मानीव सभासदत्वाचा, म्हणजे आपण आपोआप सभासद झाल्याचा, दावा करता येतो, आणि ते तीन महिने त्या पोचेवरच्या तारखेपासून मोजले जातात.