पहिलं ताट तिचं

(नाशिकमधल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘टाइप टू मधुमेह : निदानानंतरचा आहार आणि दिनचर्या’. त्यावर मी बोलणारच आहे. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळतेय, ती आधी बोलून घेते.

ज्यांच्या घरात कुणाला तरी मधुमेह आहे, त्यांनी जरा हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त सभागृह. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज आहे, त्यामुळे नवल नाही. हात खाली घ्या. आता दुसरा प्रश्न. घरात सगळ्यात शेवटी जेवायला कोण बसतं? जे बसतात त्यांनीच हात वर करायचा. काका, तुमचा हात कसा वर? शेजारी काकू बघतायत तुमच्याकडे! (हशा)

आता हात वर आहेत ते जवळजवळ सगळे बायकांचे आहेत. माझं आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

माझ्याकडे सिडकोतून एक काकू आल्या होत्या. वय पन्नाशीचं, अंगाने किरकोळ. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, 9.2. ‘मी तर जाडसुद्धा नाही, मला कसा झाला?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं, म्हणून थोडं विषयांतर करते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपण दिसायला बारीक असतो, पण आपल्या पोटात चरबी असते आणि स्नायू कमी असतात. त्यामुळे वजनकाट्यावर विसंबून राहू नका, पोटाचा घेर मोजा. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायचं.

तर या काकूंच्या यजमानांना मधुमेह आधीपासूनच होता. त्यांचं निदान झालं तेव्हा घर ढवळून निघालं होतं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, ज्वारी निवडून दळून आली, दुधीचा रस सुरू झाला. सातपूरला पहिल्या पाळीला जाताना त्यांच्या डब्यात कोशिंबीर, उसळ आणि मोजून फुलके. हे सगळं करणाऱ्या काकू. नवऱ्याची सकाळची साखर किती, जेवणानंतरची किती, कुठली गोळी कधी, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मग त्यांचं स्वतःचं निदान झालं. तेव्हा घरात काय बदललं? गोळ्यांचं एक पाकीट वाढलं.

मी काकांना विचारलं, ‘काल रात्री काकूंनी काय खाल्लं?’ काका म्हणाले, ‘आम्ही खाल्लं तेच.’ मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘तेच की.’ मग मी एकेक विचारत गेले. काल मटकीची उसळ होती. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात काय उरलं होतं? रस्सा. मटकी? ‘ती पोरांनी आवडीने खाल्ली.’ कोशिंबीर? संपली होती. भात? कुकरच्या भांड्यात तळाशी होता, तो रश्शात कालवला. सकाळची एक पोळी होती, ती टाकवेना, म्हणून तीही खाल्ली. जेवायला साडेदहा वाजले. मग ओटा आवरला आणि झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून होईपर्यंत दोन वेळा चहा, त्यात बुडवून खारी, आणि अकराला उभ्या उभ्या फोडणीचा भात.

उसळ सगळ्यांनी एकाच पातेल्यातून खाल्ली. पण तिच्यातली प्रथिनं आणि चोथा वरच्या वर गेला, आणि ज्या बाईला त्याची गरज होती तिच्या वाट्याला भात, शिळी पोळी आणि रस्सा. मधुमेहात जे सगळ्यात कमी हवं तेच तिच्या ताटात सगळ्यात जास्त. मला याचा फार त्रास होतो, आणि मी तो लपवत नाही. आहाराचा छापील कागद हातात देताना त्यावरचं खाणं त्या माणसाच्या ताटात येतं तरी का, हे कुणी विचारत नाही. काकूंना असा एक कागद कुठल्याशा दवाखान्यात मिळाला होता. त्यावर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. घडी घालून देवघरात ठेवला होता त्यांनी. ज्वारी, मेथी, मठ, शेपू, हुलगे यांचं त्यावर नावही नव्हतं.

मी त्यांना एकच काम सांगितलं. स्वयंपाक झाला की पहिलं ताट स्वतःचं वाढायचं आणि झाकून ठेवायचं. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात उसळ किंवा घट्ट वरण, पाव ताटात भाकरी किंवा भात. त्या दचकल्याच. ‘नैवेद्याच्या आधी?’ म्हटलं, नैवेद्य झाल्यावर लगेच, पण सासूबाईंच्या आणि पोरांच्या आधी. त्यांना ते जमेना. लाज वाटायची. शेवटी काकांना सांगितलं, हे ताट तुम्ही वाढायचं. आणि काकांनी ते केलं, मला त्यांचं कौतुक वाटतं. तीन महिन्यांनी एचबीएवनसी 7.6 आलं. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, रात्रीचं जेवण साडेआठला आलं, चालणं सुरू झालं, हे सगळं त्यात आहे. पण त्या सगळ्याची सुरुवात ताटापासून झाली.

समोर बसलेल्या मुलींना आणखी एक सांगते. गरोदरपणात साखर वाढली होती आणि बाळंतपणानंतर ‘नॉर्मल झाली’ म्हणून फाइल कपाटात गेली, अशा इथे कितीतरी असतील. तुम्हाला पुढे टाइप टू होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. बाळंतपणानंतर 6 ते 12 आठवड्यांनी तपासणी करा आणि पुढेही नियमित करत राहा.

चिठ्ठी आलीय, थोडीच मिनिटं उरलीत. मूळ विषय आता भराभर घेते.

भाकरी चांगली, पण ‘भाकरी कितीही चालते’ हे खरं नाही. हातभर भाकरीला दोन-तीन फुलक्यांएवढं पीठ लागतं. गूळ हा साखरेला पर्याय नाही, रक्तातली साखर तोही वाढवतो. जेवताना आधी कोशिंबीर, भाजी, उसळ आणि मग भाकरी-भात, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. द्राक्षांचं मला नाशकात सगळेच विचारतात. 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 16 ग्रॅम साखर असते, म्हणून दहा-बारा मणी, जेवणाला जोडून नाही, आणि रस तर नाहीच. बेदाणे म्हणजे तीच साखर वाळवून दाट झालेली.

उपास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर बटाटा. त्यापेक्षा थोडी भगर, दाण्याची आमटी, ताक, काकडी. पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, चक्कर येते. तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची.

आठवड्याला 150 मिनिटं जोमाने चालणं. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जाता येत नसेल तर प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीत चाला. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर उचलतात. आठवड्यातून दोनदा उठाबशांसारखा ताकदीचा व्यायामही हवा.

बरा होतो का? 2017 च्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात, निदानाला सहा वर्षं झाली नव्हती अशा जास्त वजनाच्या लोकांनी कडक देखरेखीखाली वजन उतरवलं, तेव्हा वर्षाअखेर 46 टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. वजन परत चढलं की साखरही परत येते. तुम्ही मात्र मनानेच गोळ्या बंद करू नका.

डोळ्यांचा पडदा निदान झाल्याबरोबर तपासा, नंतर दरवर्षी. पाय रोज रात्री बघा, तळवेसुद्धा. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला अनवाणी जाणारे इथे पुष्कळ असतील. पायाची संवेदना कमी झाली असेल तर काटा रुतलेला कळत नाही, आणि जखम चिघळते. चपला घालून फेरी करा.

वेळ संपली. प्रश्न असतील त्यांनी खाली टेबलाजवळ या, रिपोर्ट आणले असतील तर मी बघते. फक्त काकू एकट्या येऊ नका, काकांनाही बरोबर आणा.