कंपायलरने टाकून दिलेली कॉमेंट

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये कंट्रोल-एच दाबायचं, मग एफ, आणि फंक्शनचं नाव टाइप करायचं, की त्याची माहिती समोर येते. आता कार, म्हणजे इमॅक्सच्या लिस्प या भाषेतलं ते लिस्टचा पहिला घटक देणारं फंक्शन, ते सी या दुसऱ्या भाषेत लिहिलेलं आहे, कंपाइल होऊन त्याचा मशीन कोड झालाय, मग ती इंग्रजी वाक्यं राहतात कुठे? मला बरीच वर्षं वाटायचं की असतील प्रोग्रामच्या पोटातच, स्ट्रिंग म्हणून. पण तसं नाहीये, आणि खरी गंमत तिथेच आहे.

सीचा सोर्स उघडून बघा. प्रत्येक बिल्ट-इन फंक्शन डीफन नावाच्या मॅक्रोने, म्हणजे ठरलेल्या साच्याने, सुरू होतं, त्यात लिस्पमधलं नाव, सीमधलं नाव, कमीत कमी किती आर्ग्युमेंट, जास्तीत जास्त किती वगैरे, आणि मग डॉक, कोलन, आणि पुढे चक्क सीची कॉमेंट, म्हणजे फक्त माणसांसाठी लिहिलेली टीप! म्हणजे कंपायलरला ते दिसतच नाही, तो फेकून देतो. पण बिल्ड होताना, म्हणजे सोर्सपासून इमॅक्स तयार होताना, मेक-डॉकफाइल नावाचा दुसरा एक छोटा प्रोग्राम त्याच सोर्समधून फिरतो, नेमक्या या कॉमेंटा वेचतो आणि डॉक नावाच्या एका फाइलमध्ये एकापाठोपाठ एक ओततो. एकाचा कचरा, दुसऱ्याचा माल.

फाइल अगदी साधी आहे. प्रत्येक नोंदीच्या आधी एक कंट्रोल कॅरेक्टर, ॲस्कीमधला 31 नंबरचा, त्याला लागून फंक्शन असेल तर एफ, व्हेरिएबल असेल तर व्ही, मग नाव, नवी ओळ, आणि मजकूर. इंडेक्स नाही, डेटाबेस नाही, काही नाही.

मग इमॅक्स शोधतो कसा? तर बिल्ड संपत आलं की स्नार्फ-डॉक्युमेंटेशन हे फंक्शन ती फाइल एकदा वाचून काढतं, आणि कुठल्या फंक्शनची माहिती कितव्या बाइटपासून सुरू होते तो आकडा त्या फंक्शनला चिकटवून ठेवतं. मेमरीत फक्त आकडा. तुम्ही विचारलंत की फाइल उघडायची, त्या जागी उडी मारायची, पुढचं कंट्रोल कॅरेक्टर येईपर्यंत वाचायचं, बास. जीएनयू इमॅक्स 1985 चा, तेव्हा मेमरी म्हणजे मोजूनमापून वापरायची वस्तू, 'एट मेगाबाइट्स अँड कॉन्स्टंटली स्वॅपिंग', म्हणजे आठ मेगाबाइट खातो आणि सारखी मेमरी आणि डिस्क यांच्यात ने-आण करतो, असा त्याच्या नावाचा फुलफॉर्म लोक चेष्टेत करायचे, मग कधीतरीच वाचायचा मजकूर कायम मेमरीत कोण ठेवणार!

अर्थात आकडा एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे म्हटलं की घोळ आलाच. लिस्पच्या कंपाइल केलेल्या फाइलींनाही हीच युक्ती आहे, तिथे वेगळी डॉक फाइल नाही, त्याच कंपाइल्ड फाइलमधली जागा लक्षात ठेवतात. मी एकदा चालू इमॅक्समध्ये एक पॅकेज बदलून परत कंपाइल केलं पण लोड करायचं विसरलो, आणि मदत मागितली तर काहीतरी अर्धवट, वाक्याच्या मधूनच सुरू होणारं, मी डोकं धरून बसलो. जुना आकडा, नवी फाइल, दुसरं काय! तसा इमॅक्स त्या जागेच्या आधीची खूण बरोबर आहे का ते तपासतो, जुळली नाही तर लिस्पची फाइल परत लोड करतो किंवा डॉक फाइल परत वाचतो, आणि पुन्हा एकदा प्रयत्न करतो, पण दरवेळी वाचवेलच असं मी छातीठोक सांगणार नाही.

आणखी एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फाइलमध्ये जे लिहिलंय ते तुम्हाला जसंच्या तसं दिसत नाही. मजकुरात 'कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस दाबा' असं नसतं, तिथे बॅकस्लॅश आणि चौकटी कंसात कमांडचं नाव असतं, आणि दाखवताना तुमच्याकडे आत्ता ती कमांड ज्या कीवर आहे ती तिथे भरली जाते. की बदलून बघा, परत मदत मागा, मजकूरही बदललेला दिसेल.