लहान आतड्यातली गर्दी

नमस्कार मंडळी.

सकाळी उठताना पोट सपाट असतं आणि दुपारी जेवून तासभर झाला की नगाऱ्यासारखं टम्म. नाडी सैल करावी लागते, ढेकरा येतात, आत गुडगुड चालू. कन्नडमधून सांगायचं तर ‘होट्टे उब्बर’. बेळगावपासून निपाणी-अथणीपर्यंत घरोघरी यावर निदान एकच: गॅस. मग ओवा, सोडा, नाहीतर दुकानातून ॲसिडिटीची कॅप्सूल. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतंही. पण काहींचा त्रास महिनोन्महिने हटत नाही, आणि त्यातल्या काहींच्या लहान आतड्यात जिवाणूंची गर्दी झालेली असते. डॉक्टरांच्या तोंडी हिचं नाव ‘सिबो’.

जिवाणू आतड्यात असतातच, प्रश्न आहे तो जागेचा. मोठ्या आतड्यात एका ग्रॅममागे १०० अब्जांच्या घरात जिवाणू असतात आणि तिथे ते कामाचे. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र एका मिलिलिटर रसात ते सहसा १,००० पेक्षा कमी असतात. त्याच्या वर गेले की गर्दी, असं हल्ली धरतात. पूर्वी ही रेघ १ लाखावर होती.

गर्दी झाली की भाकरी-उसळीतला पिष्टमय भाग आपल्या रक्तात जायच्या आधीच जिवाणूंच्या वाट्याला जातो. तो आंबतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. पित्तातली आम्लं जिवाणू मोडून टाकतात, म्हणून तूप-तेल नीट पचत नाही. शौच फिकट, चिकट होतं. बी-१२ जीवनसत्त्वही तेच खातात, उलट फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. म्हणून रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त दिसलं तर डॉक्टरांच्या मनात शंका येते. पण आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारेही पुष्कळ. या दोघांतही बी-१२ कमी असू शकतं. नुसत्या त्या एका आकड्यावरून सिबो ठरवू नये.

आता मुख्य मुद्दा. ही गर्दी मुळात होत का नाही? जठरातलं आम्ल बरेच जिवाणू मारतं, पित्त त्यांना वाढू देत नाही, लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप मागे येणाऱ्यांना अडवते. आणि सगळ्यात मोठं काम करते ती झाडलोट. पोट रिकामं असताना दर ९० ते १२० मिनिटांनी आतड्यातून एक जोरदार लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे लोटते. तोंडात काही पडलं की ही लाट थांबते. दूध-साखरेचा अर्धा कप चहाही त्यात आला, आणि आपल्याकडे दारात आलेल्याला चहा नाही म्हणता येत नाही!

ही झाडलोट बिघडते कुणाची? जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, त्यांची. थायरॉइड मंद असणाऱ्यांची. अफूजन्य वेदनाशामकं चालू असणाऱ्यांची. काहींच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं असतं आणि आतडी आतल्या आत चिकटलेली असतात. आतड्याच्या क्षयाने किंवा क्रोन्सच्या आजाराने (आतड्याची जुनाट सूज) वाट अरुंद झालेली असते, मग साचलेल्या डबक्यासारखं होतं. आतड्याचा क्षय आपल्या देशात दुर्मीळ नाही, हे विसरू नका. जी ॲसिडिटीची कॅप्सूल वर्षानुवर्षं आपल्या मनाने चालू असते, तीही आम्ल कमी करून जिवाणूंना वाट मोकळी करून देते. ती घ्यायचं खरंच कारण आहे का, हे डॉक्टरांना विचारा. कारण असेल तर मनाने बंदही करू नका.

मात्र प्रत्येक फुगलेलं पोट म्हणजे सिबो नव्हे. दूध न पचणं हे आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त आढळतं. आठवडाभर दूध, बासुंदी, कुंदा बंद ठेवून बघा. पोट उतरलं तर उत्तर तिथेच मिळालं. जिआर्डिया नावाचा परजीवीही असाच त्रास देतो, तो शौचाच्या तपासणीत सापडू शकतो.

पुढची लक्षणं असतील तर मात्र गॅस म्हणून घरात बसू नका: वजन घटणं, संध्याकाळचा ताप, शौचातून रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब. पन्नाशीनंतर बाईचं पोट नव्याने आणि सतत फुगू लागलं तर अंडाशयाची सोनोग्राफी करून घ्यायलाच हवी. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. आतडं अडलेलं असू शकतं.

तपासणी श्वासाची असते. ती तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. पोटविकार तज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात आधी फोन करून विचारा. रिकाम्या पोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज किंवा १० ग्रॅम लॅक्ट्युलोज (आपल्याला न पचणारी साखर) पाण्यातून देतात आणि ठरावीक वेळाने पिशवीत किंवा यंत्रात फुंकायला सांगतात. ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन मूळ आकड्यापेक्षा २० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २०) किंवा जास्त वाढला तर चाचणी होकारार्थी. मिथेन केव्हाही १० पीपीएम किंवा वर गेला तर तो वेगळा प्रकार. तो वायू जिवाणू नव्हे, आर्किया नावाचे जीव बनवतात, आणि त्यात जुलाबांऐवजी बद्धकोष्ठ होतं.

ही तपासणी फसते ती बहुधा तयारीत. आधी ४ आठवडे प्रतिजैविकं नकोत. जुलाबाचं औषध आठवडाभर बंद, तेही डॉक्टरांना विचारून. आदल्या दिवशी डाळ, उसळ, जोंधळ्याची भाकरी, कांदा-लसूण, दूध, फळं, गूळ काहीच नको. साधा पांढरा भात, मीठ, अंडं किंवा बिनमसाल्याचं चिकन चालतं. मग ८ ते १२ तास उपाशी, फक्त पाणी. त्या दिवशी विडी-सिगारेट अजिबात नको, धुरातही हायड्रोजन असतो. तंबाखूच्या पट्ट्यातल्या लोकांना हे मुद्दाम सांगायला हवं. मधुमेह असेल तर सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं का, हे आदल्या दिवशीच विचारा. आणि एवढं करूनही ही चाचणी चुकते. ज्याचं आतडं मुळातच भरभर चालतं, त्याचं लॅक्ट्युलोज लवकर मोठ्या आतड्यात पोचतं आणि खोटा होकार येतो. कागदावरच्या एका आकड्यावर औषध सुरू करणं मला पटत नाही. लक्षणं जुळायला हवीत.

उपचारात बहुतेक वेळा रिफॅक्सिमिन देतात: ५५० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा, १४ दिवस. ते आतड्यातच राहतं, रक्तात नगण्य जातं, म्हणून त्रास कमी. क्षयाच्या रिफॅम्पिसिनशी नावात साम्य आहे, पण याने क्षय बरा होत नाही. मिथेनच्या प्रकारात जोडीला निओमायसिन देतात. त्याने कानांना आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, म्हणून ते देखरेखीखालीच. गोळी महाग पडते म्हणून सातव्या दिवशी सोडणारे बरेच. तसं करण्यापेक्षा दुसरं स्वस्त प्रतिजैविक चालेल का, हे आधीच विचारलेलं बरं.

जेवणात २ ते ६ आठवडे कांदा, लसूण, राजमा, छोले, गव्हाची चपाती, दूध कमी करा. खानापूरकडचा भात, नाचणीची भाकरी, अंडं, दुधी, पडवळ, गाजर ठेवा. मग एकेक पदार्थ परत आणा, दर ३ दिवसांनी एक. कायमचं सोडायचं नाही, नाहीतर माणूस नुसताच वाळतो. दोन खाण्यांत ४ ते ५ तास ठेवा, मध्ये फक्त पाणी. इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र हे अंतर डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

त्रास परत येतो का? येतो. रिफॅक्सिमिनने बरे झालेल्यांच्या एका अभ्यासात ९ महिन्यांत सुमारे ४४ टक्के लोकांना गर्दी पुन्हा झाली होती. कारण गोळीने जिवाणू मरतात, झाडलोट दुरुस्त होत नाही. तेव्हा दुसऱ्यांदा पोट फुगलं की जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जाऊ नका. तीन महिन्यांची साखर आणि थायरॉइडची तपासणी करा, जुन्या ऑपरेशनचे कागद पिशवीत घाला, चालू गोळ्यांची पाकिटंही घ्या, आणि मग डॉक्टरांकडे जा. मिरजेला, हुबळीला की बेळगावातच, ते तुमच्या सोयीने.