कवळी, कोरडं तोंड आणि खुर्चीची भीती

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी मुख्यतः पंचेचाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणींशी बोलणार आहे. पण घरातल्या इतर मंडळींनीही ऐकावं, कारण शेवटी थोडं त्यांच्याशीही बोलायचं आहे.

पाळी जाण्याबद्दल हल्ली थोडंफार उघडपणे बोललं जातं. कवळीबद्दल मात्र अजून कुजबुजच चालते. आणि दाताच्या डॉक्टरांकडे जायची भीती वाटते, हे पन्नाशीच्या बाईनं कबूल करायचं म्हणजे तिला फारच लाज वाटते. या तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला एकदम येतात तेव्हा ती बहुतेक वेळा गप्प बसते. दंतवैद्य म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या गप्प बसण्याची.

तक्रारी साधारण अशा असतात. काही वर्षं छान बसलेली कवळी एकाएकी टोचायला लागते. बोलताना खालची कवळी उचलली जाते. सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली असते. चव बदलते, कधी तोंडाला धातूसारखी चव येते. मग बाई मनाशी ठरवते की आपलंच काहीतरी बिनसलंय, आपल्यालाच आता काही सोसवत नाही. घरातलंही कुणीतरी म्हणतं, "अगं, होईल सवय." आणि ती कवळी डबीत जाऊन पडते, किंवा चार माणसांत जायच्या वेळेपुरती तोंडात येते.

मैत्रिणींनो, असं का होतं ते आधी समजून घेऊ या. साधारण ४५ ते ५५ या वयात बहुतेक बायकांची पाळी जाते. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात, पण शरीरातले बदल त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. त्याचा संबंध फक्त गर्भाशयाशी असतो असं आपल्याला वाटतं. पण तोंडातली नाजूक त्वचा आणि लाळेच्या ग्रंथीसुद्धा या संप्रेरकाला प्रतिसाद देतात. ते कमी झालं की अनेकींच्या बाबतीत ही त्वचा पातळ होते, लाळ घटते किंवा चिकट होते. सगळ्यांना हा त्रास होतोच असं नाही, पण ज्यांना होतो त्यांचा तो खरा असतो.

लाळेचं आणि कवळीचं नातं फार जवळचं आहे. वरची पूर्ण कवळी तोंडात टिकते कशी? तिला ना स्क्रू असतो ना हूक. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा एक अगदी पातळ थर असतो, त्याच्या जोरावर ती धरून राहते. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की ओढूनही सुटत नाहीत, तसंच हे. थर सुकला की पकड गेली. शिवाय लाळ म्हणजे वंगणही. ती नसली की कवळीचं कडक अ‍ॅक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, थेट पातळ झालेल्या हिरडीवर घासतं आणि जखम होते. खालच्या कवळीची अवस्था आणखी कठीण. तिला टाळूसारखी पसरट जागा नाही, ती घोड्याच्या नालेच्या आकाराची, आणि मधोमध जीभ सतत हलत असते. म्हणून "वरची ठीक आहे, पण खालचीचं काही खरं नाही" असं जवळजवळ प्रत्येक जण सांगते. त्यात तिचा काही दोष नाही.

दुसरी गोष्ट हाडाची. दात काढला की त्याला धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षी ही झीज सगळ्यात वेगानं होते, नंतर मंदावते, पण थांबत नाही. कवळी वापरणाऱ्यांची अनेक वर्षं मापं घेऊन केलेला एक प्रसिद्ध अभ्यास १९७२ साली छापला गेला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली होती. पाळी गेल्यानंतर अंगातली सगळीच हाडं जास्त वेगानं विरळ होऊ लागतात, आणि जबडा काही शरीराच्या बाहेर नाही. म्हणजे कवळी आहे तशीच राहिली आणि तिच्याखालची जमीन बदलली. अशा वेळी बदलायची ती कवळी. आतल्या बाजूला नवा थर देऊन ती पुन्हा हिरडीशी जुळवून घेता येते, त्याला रिलायनिंग म्हणतात. हिरडी फारच दुखरी असेल तर काही काळ मऊ अस्तर लावतात. खालच्या कवळीला आधार म्हणून पुढच्या भागात दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायचे कृत्रिम खुंट, बसवण्याचाही मार्ग आहे. तो सगळ्यांना लागत नाही, परवडतोच असंही नाही, पण असा मार्ग आहे हे ठाऊक असावं.

टोचणारी कवळी घरी कानशीनं किंवा नेलफायलीनं घासू नका. हे मी हात जोडून सांगते. कुठे घासायचं हे आरशात बघून कळत नाही, आणि चुकीच्या जागी घासलेली कवळी पुन्हा नीट बसवणं अवघड होतं. दवाखान्यात काय करतात ते सांगते. कवळीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेस्टचा पातळ लेप देतात, ती तोंडात बसवून दाबतात आणि बाहेर काढतात. जिथे दाब जास्त पडतो तिथला लेप सरकतो आणि खालचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक डोकावतं. नेमका तेवढाच ठिपका, केसाएवढा, घासून काढायचा. काम काही मिनिटांचं असतं, पण जागा अचूक सापडावी लागते. म्हणून दुखतंय म्हणून कवळी काढून, रुमालात बांधून आणू नका. जायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी निदान काही तास ती घाला, म्हणजे हिरडीवर लाल खूण दिसते. तेवढं सोसलंत तर पुढचं दुखणं वाचतं.

रात्री कवळी काढून ठेवायची. हे मी सांगते तेव्हा पुष्कळ बायका खाली बघतात. नवऱ्यानंही कधी आपल्याला दातांशिवाय पाहिलेलं नाही, म्हणून वर्षानुवर्षं कवळी घालून झोपणाऱ्या बायका आहेत. त्यांचं मन मला कळतं. पण हिरडीला दिवसातून काही तास मोकळी हवा आणि लाळ मिळाली नाही तर कवळीखाली बुरशी वाढते. टाळू लालभडक होतो आणि बऱ्याचदा दुखतही नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही. कोरड्या तोंडात तर ती आणखी लवकर वाढते. दिवा मालवल्यावर काढा, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून घाला, काहीही करा, पण काढा. कवळी मऊ ब्रशनं आणि साध्या सौम्य साबणानं धुवावी. टूथपेस्टनं तिच्यावर बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. उकळत्या पाण्यानं ती वाकडी होते. रात्री साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी पडू देऊ नका. कवळी धुताना खाली टॉवेल ठेवा किंवा बेसिनमध्ये पाणी भरून घ्या, कारण हातातून निसटलेली कवळी बेसिनवर आपटून फुटते.

कोरडेपणासाठी घोट घोट पाणी, बिनसाखरेच्या चघळायच्या गोळ्या, आणि फारच त्रास असेल तर कृत्रिम लाळेचे जेल किंवा फवारे मिळतात. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा, त्यानं तोंड आणखी सुकतं. अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लाळ कमी होते, तेव्हा औषध देणाऱ्या डॉक्टरांना तसं विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका. काही खरे दात शिल्लक असतील तर लाळ कमी झाल्यानं ते लवकर किडतात, म्हणून त्यांना फ्लोराइडची टूथपेस्ट हवीच.

काही जणींची जीभ जळते. सकाळी बरं असतं, दिवस चढेल तशी आग वाढत जाते, आणि तोंडात पाहावं तर काहीच दिसत नाही. या वयाच्या बायकांमध्ये हे जास्त आढळतं. "दिसत नाही म्हणजे नाहीच" असं कुणी म्हणालं तर ऐकून गप्प बसू नका. बी-१२, लोह, रक्तातली साखर, थायरॉइड आणि तोंडातली बुरशी एवढं तपासून घ्या. त्यात काही सापडलं नाही तरी ही जळजळ कमी करायला औषधं आहेत.

आता भीतीबद्दल. मला आज खरं तर यावरच जास्त बोलायचं होतं.

लहानपणी कुणीतरी हात धरून ठेवले होते आणि दात उपटला होता, अशी आठवण अनेकींच्या मनात असते. इतकी वर्षं ती दबलेली असते. पाळी जायच्या काळात झोप मोडते, कारण नसताना छातीत धडधडतं, मन हळवं होतं, आणि ती जुनी भीती दुप्पट होऊन वर येते. त्यात खुर्ची आडवी केलेली, डोळ्यांवर दिवा, अंगावर प्लास्टिकचा एप्रन. तेवढ्यात अंगातून वाफा निघायला लागतात. चेहरा तापतो, घाम फुटतो, हृदय जोरात धडधडतं. घाबरल्यावरही शरीर अगदी हेच करतं! मग हा वाफारा की ही भीती, हे तिचं तिलाच कळत नाही आणि एकानं दुसरं वाढत जातं. भर म्हणून भूल देण्याच्या इंजेक्शनात बऱ्याचदा अ‍ॅड्रेनलीन असतं, त्यानंही काही मिनिटं धडधडू शकतं. ती धडधड आपोआप ओसरते. हे आधी माहीत असलं तर तिची धास्ती वाटत नाही. आणि पूर्वी असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यावर पर्याय असतात.

ही भीती मोजायची प्रश्नावली आहे, जगभर वापरतात. प्रश्न पाचच. उद्या दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय म्हटलं तर काय वाटतं? बाहेर बसून वाट बघताना? दाताला ड्रिल लावताना? दात साफ करताना? हिरडीत इंजेक्शन देताना? प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज १९ किंवा जास्त झाली तर भीती तीव्र समजायची. घरी कागदावर करून बघा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. "मला भीती वाटते" हे तोंडानं म्हणणं जड जात असेल तर कागद ते म्हणेल.

वेळ घेताना फोनवरच सांगा की मला भीती वाटते, जरा जास्त वेळ ठेवा. शक्यतो सकाळची वेळ घ्या, म्हणजे दिवसभर धास्ती वागवावी लागत नाही. पहिल्या भेटीत फक्त बोलणं आणि तपासणी, हत्यार नाही, असं ठरवून घेता येतं. सैल सुती कपडे घाला, पंखा किंवा एसी लावायला सांगा, खुर्ची पूर्ण आडवी नको म्हणा. आणि एक खूण ठरवा. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं, कारण न विचारता. ही खूण पाळली जाते हे एकदा अनुभवाला आलं की निम्म्या वेळा हात वर करायची गरजच पडत नाही, हे मी कितीतरी जणींच्या बाबतीत पाहिलंय.

कवळीचं माप देताना उमासे येतात, त्याचीही फार जणींना भीती असते. ताठ बसा, हनुवटी थोडी खाली, नाकानं सावकाश श्वास, आणि पायाची बोटं एकेक करून हलवत राहा. मन तिकडे गुंतलं की घसा सैल पडतो. काही ठिकाणी कॅमेऱ्यानं स्कॅन करूनही माप घेतात, विचारून बघा. एवढं करूनही जमत नसेल तर गुंगी आणणारी औषधं आणि नायट्रस ऑक्साइड वायू आहे. १८४४ साली होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्यानं हाच वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. रुग्णाला कळ सोसायला लागू नये म्हणून दंतवैद्य तेव्हापासून धडपडतायत. मग "थोडं सोसा" असं म्हणून तुम्हाला कुणी गप्प करत असेल, तर दुसरा डॉक्टर बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दोन गोष्टी मात्र अजिबात टाळू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी, वर्षाचं किंवा सहा महिन्यांचं इंजेक्शन चालू असेल, तर दात काढण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब अशी त्यांची नावं असतात. या औषधांनी क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, हे २००३ पासून वैद्यांच्या ध्यानात आलं. धोका कमी आहे आणि औषधाचा फायदा मोठा आहे, म्हणून आपल्या मनानं ते थांबवू नका. हाडांचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलू द्या. दुसरं म्हणजे, कवळी काढून ठेवूनही एखादी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर "कवळीचंच असेल" म्हणत थांबू नका, दाखवून या. तोंडातला एकही दात शिल्लक नसला तरी वर्षातून एकदा तपासणी हवी.

आणि आता घरातल्यांशी. पूर्ण कवळीनं चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच उरते. तेव्हा तिचं जेवण आटपायला वेळ लागणारच. तिच्या आधी पानावरून उठू नका. नवी कवळी लागली की पहिले काही आठवडे शब्द अडखळतात, स आणि श घसरतात. रोज थोडं मोठ्यानं वाचलं की जीभ वळायला लागते. तेव्हा तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगा आणि ऐकत बसा. डॉक्टरांकडे जाताना तिच्याबरोबर जा, आत येऊ का असं विचारा, आणि ती नको म्हणाली तर बाहेर थांबा.

नमस्कार.