श्रावणातला पाहुणा

(पावसाची सर. मागीलदारी पडवळाचा मांडव.)

पाहुणा येणार म्हटलं की किनाऱ्यावरच्या घरात पहिला प्रश्न मासळीचा. सुरमई नाही तर निदान बांगडा तरी. नुसती भाजी वाढायची म्हणजे घरच्या बाईला ओशाळं वाटतं. पण गुहागर तालुक्यातल्या या घरात श्रावण पाळतात, आणि मुंबईच्या पाहुण्यांनी फोनवरच सांगून ठेवलंय, "वहिनी, मागीलदारी असेल तेच करा."

मागीलदारी बरंच आहे. पडवळांच्या टोकांना सुतळीने दगड बांधलेत, नाहीतर ती वेटोळी घेतात आणि चिरताना जीव खातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पडवळाची 'कोकण श्वेता' ही जात काढली आहे. इथलं बी मात्र घरचं, एक पडवळ वेलावरच लाल होऊ देऊन राखलेलं. आज त्याची भाजी डाळिंब्या, म्हणजे भिजवून सोललेले वाल घालून. कोवळ्या बियाही वाया जात नाहीत, त्यांची तव्यावर परतून चटणी होते.

(न्हाणीमागचं अळू.)

खरी परीक्षा अळूची. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं, हिरव्या देठाचं हे भाजीचं अळू. काळ्या देठाचं ते वड्यांचं. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून घरच्या काकू देठ सोलायच्या आधी हाताला तेल लावतात, पानं चांगली शिजवतात आणि चिंचेच्या बाबतीत हात आखडत नाहीत. मग हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मे महिन्यात राखलेल्या फणसाच्या आठळ्या, थोडं डाळीचं पीठ लावून घोटणं, गूळ, आणि वरून मेथीची फोडणी. याचं नाव फदफदं. नावाने कुणाच्या तोंडाला पाणी सुटेल असं वाटत नाही, पण वास सुटला की नावाचं काही चालत नाही.

चुलीवर शेवटी धोंडस: जून झालेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून, झाकणावर निखारे ठेवून भाजलेलं.

(रात्र. पानं मांडलेली.)

कौतुक करणारे पाहुणे बरेच असतात. सगळंच 'छान' म्हणतात. हे तसे नाहीत. पडवळाचा घास घेऊन विचारतात, "डाळिंब्या घरी सोललेल्या ना?" फदफद्यातली आठळी वेगळी काढून शेवटी खातात. भात तिसऱ्यांदा घेतात.

"भावोजी, धोंडसाला जागा ठेवा हो," काकू म्हणतात, पण ओशाळलेपण केव्हाच गेलंय.

फदफदं दुसऱ्या दिवशी मुरून अधिक लागतं, त्यामुळे वाडगाभर झाकून ठेवलंय, सकाळच्या घावनांसाठी. पाहुणे पहाटेची एसटी धरणार होते. आता दुपारची चौकशी चाललीय.