दार सताड उघडेल एवढी जागा

(दृश्य : पावसाळी सकाळ. जांभ्याचा गडगा, त्याला लागून उभी असलेली मोटार.)

अण्णा गाडीतून उतरताना बघा. डावा पाय आपणहून हलत नाही. मग उजव्या हाताने गुडघ्यावरची पँट मुठीत धरायची, पाय उचलायचा आणि भरलेली पिशवी ठेवावी तसा बाहेर ठेवायचा. नंतर अंग वळवायचं, काठी टेकवायची, उजवा पाय काढायचा. एवढं होईपर्यंत दार सताड उघडं लागतं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत रस्ता एका गाडीपुरता. गडग्याच्या बाजूने दार वीतभर उघडतं. म्हणून आधी अण्णांना मधेच उतरवायचं, मग गाडी कडेला घ्यायची. तोवर मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहतो.

अण्णा माझे थोरले काका. हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. अणस्कुरा घाटात बस रिव्हर्स घेणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली, पाय आला नाही.

अमेरिकेतला भाचा फोनवर म्हणाला, ‘‘मामा, अण्णांसाठी पार्किंगचं परमिट काढा ना. आमच्याकडे डॉक्टरनं फॉर्म भरून दिला की निळं कार्ड मिळतं, आरशाला लटकवायचं.’’ आपल्याकडे देशभर चालेल असं पार्किंगचं वेगळं परमिट नाही. गाडीच्या सामानाच्या दुकानात व्हीलचेअरचं चित्र असलेलं स्टिकर मिळतं; ते कुणीही विकत घेतं, कुणीही लावतं. खरा कागद एकच, दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यावरचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र.

पण अण्णा ऐकतील तर ना.

‘‘अरे मेल्या, दोन्ही पाय जागच्या जागी आहेत माझे. अपंगाचा दाखला कशाला?’’

चार महिने हेच चाललं. शेवटी एसटीनंच काम केलं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असला की तिकिटात 75 टक्के सवलत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नोकरीत असताना असे शेकडो प्रवासी त्यांच्या गाडीतून गेले होते. ‘‘बरं, भर तुझा तो अर्ज,’’ म्हणाले.

(दृश्य : ओटीवर मोबाइल, शेजारी चष्मा आणि आधार कार्ड.)

अर्ज ‘स्वावलंबन’ या सरकारी पोर्टलवर भरायचा. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा, आणि तपासणीसाठी कुठलं रुग्णालय ते निवडायचं. पैसे लागत नाहीत. अडतं ते नेटवर्क. आम्ही फणसाखाली उभे राहून फोटो चढवला. पावतीची प्रिंट आणि जुने रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा. निम्मे हेलपाटे तिथेच वाचतात.

तपासणीच्या दिवशी पहाटे निघालो. हातखंब्याला आत वळून रत्नागिरी. डॉक्टरांनी गुडघा किती वाकतो ते कोनमापकाने बघितलं, पाय दाबायला लावला, चार पावलं चालायला लावलं. अण्णा कधी नव्हे ते ताठ चालायचा प्रयत्न करत होते. डॉक्टर हसून म्हणाले, ‘‘आजोबा, परीक्षा नाही ही. रोज चालता तसं चाला.’’

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. 1995 च्या कायद्यात सातच होते. बहुतेक सवलतींची पायरी 40 टक्क्यांची. चाळीसच्या आत पांढरं कार्ड, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, त्यापुढे निळं. अण्णांचं पिवळं आलं, टपालाने. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि पंचांगात ठेवून दिलं.

अजून एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. 2020 पासून वाहनाच्या नोंदणीत मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा लिहिता येतो. गाडी दिव्यांग माणसाच्याच नावावर असेल तर आरटीओत हे जरूर विचारा.

(दृश्य : बाजारपेठ, ओळीने लावलेल्या दुचाक्या.)

आता जागेचं बोलू. दिव्यांगांच्या गाडीसाठी राखीव जागा 3.6 मीटर रुंद हवी आणि इमारतीच्या दारापासून 30 मीटरच्या आत, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. 3.6 मीटर का? तर शेजारी दुसरी गाडी असली तरी दार पूर्ण उघडावं, व्हीलचेअर बाजूला लावता यावी म्हणून. मी टेप घेऊन मोजायला गेलो. एका बँकेसमोर पिवळ्या रंगात व्हीलचेअर रंगवलेली होती. तिच्यावर तीन मोटारसायकली आणि नारळाच्या झावळ्यांची एक मोळी. रंग तेवढा ताजा होता.

बस स्टँड आणि रेल्वे स्टेशनवर अशी पार्किंगची सोय असावी, हे 2016 च्या त्याच कायद्याच्या 41 व्या कलमात आहे. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईच्या गाड्यांची रांग लागली की त्या कलमाची आठवण कुणाला राहत असेल, देव जाणे.

(दृश्य : देवळाखालचं पार्किंग, दोरी, शिट्टी घेतलेला पोरगा.)

परवा देवळात गेलो. आत जागा नव्हती. अण्णांनी पहिल्यांदाच खिशातून कार्ड काढलं. पोरानं ते वाचलं की नाही कोण जाणे; अण्णांच्या पायाकडे मात्र बघितलं. स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, दोरी सोडली. ‘‘घ्या पुढे, आजोबा.’’

‘‘डावीकडे जागा सोड. अजून. अजून. बस्स!’’ अण्णा मला सांगत होते, घाटात कंडक्टर ड्रायव्हरला सांगतो तसं.

दार सताड उघडलं. पँट मुठीत, पाय बाहेर, काठी खाली. समोर जांभ्याच्या सतरा पायऱ्या. कार्ड खिशात सरकवून अण्णांनी कठडा धरला.